दोन घरच्या दोन पोथ्या

गंगापूर रोडवर हाकेच्या अंतरावर राहणारे आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांच्या नोंदी करीत असतो. एकाच्या टेबलावर राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत, दुसऱ्याच्या टेबलावर साखरे परंपरेची. संगणक अर्थातच दोन, आणि एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहाखातर दोन्हींवर 'गिट'.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेल्या या प्रणालीत मूळ पोथी एकाच मठात नसते. ज्याच्या त्याच्या घरी साऱ्या इतिहासासह पूर्ण प्रत असते. आम्ही मात्र एकाची नक्कल दुसऱ्याने न घेता, आपापली रिपॉझिटरी स्वतंत्रपणे थाटली होती. जुळणीस बसलो तेव्हा गिटने साफ नकार दिला : या दोन इतिहासांचा परस्परांशी संबंध नाही! (२०१६ पासूनच्या आवृत्त्या अशी जुळणी आपणहून करीत नाहीत, मुद्दाम परवानगी द्यावी लागते.) संहितासंपादनाच्या भाषेत, समान पूर्वज-प्रतच नव्हती. पूर्वज असेल तर कोणी काय बदलले हे यंत्राला कळते. नसेल तर उरतात नुसते भेद.

परवानगी दिली, आणि पडद्यावर ओवी न् ओवी वेगळी दिसू लागली. एकाने ओवी एका ओळीत टंकलेली, दुसऱ्याने चार ओळींत. शिवाय 'दुसऱ्या'तला अर्धा र दोन कळफलकांनी निरनिराळ्या संकेतांकांनी लिहिलेला. डोळ्याला एक, यंत्राला दोन. लेखनिकांच्या हस्तदोषांवर आम्ही वर्गात किती वर्षे हसत आलो आहोत!

ते निस्तरल्यावर खरे भेद उरले. एका रात्री आमच्यापैकी एकाने (कोणी, ते सांगत नाही) काही ठिकाणचे दुसऱ्याचे पाठ गाळून, 'किरकोळ दुरुस्ती' असा शेरा मारून जुळणी उरकली. चार दिवस आमचे बोलणे बंद होते. पाचव्या दिवशी इतिहास उलगडून पाठ परत आणले.

त्या अबोल्यात एकनाथ आठवत राहिले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली. ते ऋण कोण नाकारील? पण त्यांनी कोणते पाठ गाळले आणि का, याची नोंद आपल्यापाशी नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत संहितेच्या पायाशी नाकारलेले पाठही छापले आहेत. न पटणाऱ्याला तिथून पुन्हा वाद सुरू करता येतो.

आता शेऱ्यात 'दुरुस्ती' हा शब्द लिहायचा नाही, पाठ आणि कारण लिहायचे, असे आमच्यात ठरले आहे. नवव्या अध्यायातील एका ओवीवर अजूनही एकमत नाही. तिथे दोन्ही पाठ एकाखाली एक ठेवले आहेत.