तिसरी पोळी

आमची नववीतली लेक शाळेतर्फे तीन हजार मीटर धावते. दोन महिन्यांपूर्वी तिनं पोळी-भात सोडला. "अंग जड होतं," असं कुणीतरी मैदानावर सांगितलं होतं म्हणे! मग प्रोटीन पावडरचा डबा हवा झाला. किराण्याला कात्री लावून आम्ही तो आणलाही. आणि एका पहाटे सरावात ती घेरी येऊन खाली बसली. माझ्या तर पोटात गोळाच आला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "रक्त ठीक आहे, पोट रिकामं आहे."

मी अर्धवेळ इतिहास शिकवते. तेव्हा नेमकी रोमन सैनिकांविषयी वाचत होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पॉलिबियसनं त्यांचा शिधा लिहून ठेवलाय. हिशेब केला, तर माणशी रोज पाऊण ते एक किलो गहू! तंबूत आठ जण. जातं फिरवायचं, पेज नाहीतर रोटी करायची. जोडीला चीज, खारवलेलं डुकराचं मांस आणि प्यायला व्हिनेगर घातलेलं पाणी. एवढ्यावर सरावात पाच तासांत तीस किलोमीटर चालायचं! धान्य संपून नुसत्या मांसावर राहणं म्हणजे त्यांच्या लेखी हालच.

आजचं आहारशास्त्रही तेच सांगतं. धावताना मुख्य इंधन म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर, आणि ती येते पोळी-भातातून. प्रथिनं हवीतच, पण ती स्नायूंच्या डागडुजीला. तासाहून जास्त धावणाऱ्यांना तर वाटेतही तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ घ्यायला सांगतात.

मात्र "जुनं ते सोनं" म्हणून सगळंच शिपायासारखं करून भागत नाही हं! तो तासन् तास एका लयीत चालायचा. आमची बारा-तेरा मिनिटं जीव तोडून पळते. भरल्या पोटी ते कसं जमणार? म्हणून शर्यतीच्या तीनेक तास आधी जेवण, पहाटे सरावाला जाताना एक केळं, परतल्यावर दूध, पोळी आणि मोडाची उसळ, असं आम्ही ठरवलं.

लेकीला हे सगळं सांगितलं, तेव्हा तिनं नाकच मुरडलं. मीही फार ताणलं नाही. पण परवा रात्री जेवताना तिनं आपणहून तिसरी पोळी मागितली. मी काही न बोलता वाढली आणि वर थोडं तूप सोडलं.