नणंदेचा खोकला

अंबड तालुक्यातल्या माझ्या गावात बाया स्वतःच्या दुखण्याविषयी मला विचारत नाहीत. विचारतात ते नणंदेच्या. अंगणवाडीत लसीकरण उरकलं की एखादी मागं रेंगाळते, लेकराचं झबलं उगाच सारखं करते. "आशाताई, माझ्या नणंदेला लई दिसाचा खोकला हाय. सांजच्याला कणकण येती. काय करावं तिनं?" नणंद परतूरकडं दिलेली असते. मीही तिच्याच नावानं सांगते: खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकी तपासायची, सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट. डबी पुढं सरकवते. "सकाळी उठल्या उठल्या चूळ भरून छातीतला बेडका काढायचा. नुसती लाळ चालत नाही." डबी पदराआड जाते.

मोबाइलवर लसणाचे, हळदीचे काढे येतात ते सगळ्यांना दाखवून होतात. टीबीचं मात्र कुणासमोर बोलायचं नाही. शिकलेली माणसं याला अडाणीपणा म्हणतात. मला त्यात हिशेब दिसतो. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि उचल जोडीवर घेतलेली. एकाला टीबी आहे असं मुकादमाच्या कानावर गेलं तर कोयता मोडला. उचल तर कधीच खर्चून गेलेली असते. घरात लग्नाची पोरगी असेल तर बोलायलाच नको.

गोळ्या सुरू झाल्या की मी सगळ्यात आधी लघवीचं सांगते. रिफाम्पिसिननं ती केशरी-लाल होते. आधी सांगितलं नाही तर रक्त जातंय असं समजून माणूस गुपचूप गोळ्या सोडतो आणि विचारायलाही येत नाही. महिन्या-दोन महिन्यांत अंगात ताकद येते, तेव्हाही सोडतो. कोर्स मात्र किमान 6 महिन्यांचा. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषणचे पैसेही जपून सांगावे लागतात. 2018 पासून महिन्याला 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. ते खात्यात जमा होतात आणि मेसेज दिराच्या मोबाइलवर येतो.

यंदा टोळी निघायच्या आदल्या दिवशी एकजण आली. "नणंद कर्नाटकात कारखान्यावर चाललीय. तिथं गोळ्या भेटतील का?"

"भेटतील. हा निक्षयचा नंबर दाखवायचा. आणि तिथं सरळ स्वतःचं सांग बाई, तुला कोण ओळखतंय तिथं?"

तिनं चिठ्ठीची घडी घातली. "टोळी असतीच की संगं."