सिंहिणीचं माहेर

सिंहाला ओळखायचं कशावरून? आयाळीवरून नव्हे. आयाळ वयाप्रमाणे बदलते, दुखण्यात विरळ होते आणि सिंहिणीला तर ती नसतेच. खरी ओळख असते मिशांच्या मुळाशी. आपल्या मांजराच्या गालावर जशा मिशांच्या ओळी असतात तशाच सिंहाच्याही असतात, आणि प्रत्येक मिशीच्या मुळाशी एक काळा ठिपका. सगळ्यात वरच्या ओळीत ठिपके मोजकेच. खालच्या भरगच्च ओळीतल्या कुठल्या ठिपक्यांच्या वर ते येतात, हे प्रत्येक सिंहाचं वेगळं. डावा गाल वेगळा, उजवा वेगळा, आणि जन्मभर त्यात बदल नाही. नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात ज्यूडिथ रुडनाई या बाईंनी सिंहांचा अभ्यास केला होता. त्यांनी आणि पेनीक्विक यांनी 1970 साली ही पद्धत मांडली. फाटका कान, जुना वण, तुटलेला सुळा हेही वहीत टिपून ठेवतात, पण त्यात दर वर्षी भर पडते. ठिपके तेच राहतात.

"म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच की!" असं आमच्या जाऊबाई म्हणाल्या.

मला हा नाद लागला तो गिरनारच्या यात्रेनंतर. तसा गीरचा आणि आमच्या घराचा संबंध जुना. धारी, अमरेली हा मुलूख पूर्वी बडोदा सरकारचा, आणि माझे आजेसासरे धारीला कारकुनी करत होते. त्यांच्या गोष्टी सासूबाई सांगायच्या तेव्हा, नवीन लग्न होऊन निपाणीहून आलेली मी, एका शब्दाला नेहमी अडखळायची. काठियावाडात सिंहाला 'सावज' म्हणतात. आपल्या मराठीत सावज म्हणजे ज्याची शिकार होते ते! "सावज आलं आणि बैल घेऊन गेलं," असं त्या म्हणाल्या की मला काही केल्या कळायचं नाही, कोणी कोणाला खाल्लं.

गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळाबरोबर गिरनार केला. नेमिनाथ भगवान लग्नाच्या रथातून निघाले, वाटेत जेवणावळीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकला, रथ फिरवला आणि या पर्वतावर आले. राजुलमतीही त्यांच्यामागोमाग. ज्या डोंगरावर मुक्या जनावरांसाठी एवढं घडलं, तिथंच आता सिंह नांदतात. 2008 पासून गिरनारचं जंगल अभयारण्य आहे. मंडळातल्या काही जणींना हे खटकलं. मला नाही खटकलं. उतरल्यावर आम्ही चौघी-पाच जणी सासणला गेलो.

तिथं आमच्या गाडीबरोबर जो वाटाड्या होता, तो धुळीतली पावलं वर्तमानपत्र वाचावं तशी वाचत होता. ही मादीची, ही नराची, ही पहाटेची, ही कालची. पण पावलावरून ही कोण हे सांगता येत नाही, असंही त्यानंच सांगितलं. त्यासाठी चेहरा बघावा लागतो. तिथले रखवालदार हातात फक्त काठी घेऊन सिंहांच्या मागे चालत जातात. चितळ ओरडलं, वानर खाकरलं की कान टवकारतात. वनखात्याच्या या कामावर आता बायकाही आहेत. थोडं पुढं गेल्यावर सागाच्या वाळक्या पानांत दोन सिंहिणी पसरलेल्या दिसल्या आणि त्यांच्या अंगाखाली-अंगावर तीन पिल्लं. मी विचारलं, "पिल्लं कुणाची?" तो म्हणाला, "दोघींची." मला वाटलं, बिचाऱ्याला माहीत नसेल. नंतर वाचल्यावर कळलं की त्याचं उत्तर बरोबर होतं. एकाच सुमारास व्यायलेल्या सिंहिणी पिल्लं एकत्र वाढवतात, एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. स्वतःच्याला जरा जास्त पाजतात म्हणे. ते काय, आपणही करतो.

पण मला जे सोडवेना ते वेगळंच होतं. सिंहांच्या कळपात मुलगी माहेरी राहते. आजी, आई, मावश्या, बहिणी, लेकी, हाच कळप. मुलगे दोन-तीन वर्षांचे झाले की बाहेर पडतात. भाऊभाऊ किंवा मित्र मिळून दुसरीकडे जागा शोधतात. लेकींना जागा कमी पडली तर काही बहिणी मिळून बहुधा जवळपासच नवा संसार मांडतात. आफ्रिकेत सेरेंगेटीला 1966 पासून पुढं कित्येक दशकं एकेका सिंहिणीच्या पिढ्या वहीत लिहिल्या, तेव्हा कुठं हे नक्की झालं. गालावरचे ठिपके कुणी मोजले नसते तर ती म्हातारी त्या तरुणीची आजी आहे, हे कळलं कसं असतं?

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही तिघी बहिणी. अक्का बेळगावात, मी बडोद्याला, धाकटी इंदूरला. भाऊ नाही. वडील गेल्यापासून आई निपाणीच्या घरी एकटी, वय चौऱ्याऐंशी. लेकीच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून येईल, पाचव्या दिवशी पिशवी भरते. "लेकीच्या घरचं खाऊन मरायचं काय?" एवढं एकच वाक्य, आणि त्यापुढं आम्हा तिघींचं काही चालत नाही.

सिंहांचं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. नवे नर आले की जुन्यांची लहान पिल्लं मारतात. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते, असा तो हिशेब. हे वाचताना मी पुस्तक दोनदा मिटलं. आमच्या वडिलांनी लहानपणी आम्हाला दुसराच सिंह सांगितला होता. महावीरांचा जीव एका पूर्वभवात सिंह होता, दोन चारण मुनींनी त्याला उपदेश केला आणि त्यानं हिंसा सोडली. त्या गोष्टीवर माझी श्रद्धा आहे, आजही आहे. पण सासणच्या सिंहिणीला उपदेश करायला माझी जीभ उचलेना. तिला तीन पिल्लं होती.

गीरच्या सिंहिणींनी या नरांवर एक तोड काढली आहे. तिथं नर आणि माद्या बराच काळ वेगवेगळ्या राहतात. स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला यांच्या अभ्यासात दिसलं की एक सिंहीण आसपासच्या एकाहून जास्त नरटोळ्यांशी संबंध ठेवते, म्हणजे पिल्लं आपलीच असतील असं प्रत्येकाला वाटतं आणि कुणी मारत नाही. मंडळात हे सांगितल्यावर दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. लावू देत. आई पिल्लं वाचवते आहे, एवढंच मला त्यात दिसतं.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. 2018 च्या डिसेंबरात गीरमध्ये एका सिंहिणीबरोबर तिच्या दोन पिल्लांखेरीज तिसरं एक दिसलं. ते होतं बिबट्याचं, दोनेक महिन्यांचं. सिंह आणि बिबटे एकमेकांचे वैरी. तरी ती त्याला पाजत होती, शिकारीतलं खाऊ देत होती. साधारण दीड महिना ते तिच्यासोबत राहिलं, मग पाणवठ्याजवळ मेलेलं सापडलं. तपासणीत जन्मजात व्यंग निघालं, तिनं काही केलं नव्हतं. का सांभाळलं असेल? शास्त्रज्ञ अंदाज करतात. मी करत नाही.

2025 च्या मोजणीत गुजरातेत 891 सिंह भरले, त्यात 330 मोठ्या माद्या. एके काळी मूठभरच उरले होते. हा आकडा मी आईला फोनवर सांगितला, तेव्हा तिनं नुसतं "हं" केलं. मग मी म्हातारीचं सांगितलं. दात झिजले, पळवत नाही, तरी कळपात राहिली तर लेकीसुनांनी, चुकले, लेकी-नातींनी केलेल्या शिकारीवर तिचं पोट भरू शकतं. ताट वाढून कोणी देत नाही, गुरगुरून आपला वाटा घ्यावा लागतो. पण पंगतीत जागा असते.

"आणि तिचं जावई काय करत्यात?" आईनं विचारलं.

"जावई आज हे, दोन-चार वर्षांनी दुसरे. घर बायकांचंच."

आई हसली. "बरं हाय की त्यांचं." मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. तेवढ्यात म्हणाली, "तुमच्या हितनं मंदिर किती लांब गं? चालत?"

माझ्या चालीनं सात मिनिटं. तिच्या चालीनं पंधरा लागतील. मी पंधरा सांगितली.