मूषकाचे ऋण

गणपतीच्या पायांशी बसलेल्या मूषकास आपण हात जोडतो. तोच उंदीर भाताच्या कणगीत दिसला की काठी शोधतो. या दोहोंहून निराळे असे त्याचे एक नाते आधुनिक वैद्यकाने आपल्याशी जोडले आहे. त्याचा विचार देवळात जाणाऱ्याने अवश्य करावा, असे आम्हांस वाटते.

शरीरात शिरलेल्या परक्या द्रव्यास ओळखून त्यास चिकटणारे जे रक्षक रक्तात असतात, ती प्रतिपिंडे होत. उंदराच्या पेशींपासून एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तितकी मिळविण्याची युक्ती केंब्रिज येथे कोलर व मिलस्टाइन यांनी १९७५ साली शोधली. परंतु उंदराची प्रतिपिंडे मानवी शरीर परकी मानते व नष्ट करते. तेव्हा शास्त्रज्ञांनी उंदराची स्वतःची प्रतिपिंडांची जनुके निकामी केली आणि त्याच्या वंशात मानवी जनुके घातली. १९९४ साली अमेरिकेतील दोन गटांना हे साधले. देह उंदराचा, प्रतिपिंडे मात्र माणसाची! या मार्गाने आलेले पॅनिटुमुमॅब हे पहिले औषध २००६ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी संमत झाले. २०२० साली इबोलावरील औषधही अशाच उंदरांमुळे लाभले.

आमच्या वृद्ध काकूंना या जातीचे औषध सांगितले गेले, तेव्हा जन्मभर सोवळे पाळलेल्या त्या माउलीने विचारले, "उंदराचं रक्त घालणार का रे माझ्या अंगात?" आम्ही सांगितले, नाही. उंदराकडून मिळते ती केवळ प्रतिपिंडाची जनुके. औषध पुढे कारखान्यात वाढविलेल्या निराळ्या पेशींत तयार होते व शुद्ध करून दिले जाते. काकूंचे समाधान झाले, पण क्षणभराने त्या म्हणाल्या, "आणि त्या उंदराचं काय होतं?"

त्याची प्लीहा काढून घेतात, तो मरतो. हे आम्ही लपविले नाही.

काकूंनी औषध घेतले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यांचा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा होता. आपल्या पूर्वजांनी पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला, तो जीवमात्राचे देणे रोज आठवावे म्हणून. औषध नाकारल्याने ते देणे फिटत नाही, आणि विसरल्याने तर नाहीच. प्रयोगशाळेत गरजेहून एकही जीव अधिक जाऊ नये, जाणाऱ्यास वेदना होऊ नये, असा आग्रह धरणे हेही आपल्या धर्माचेच काम होय.