शिक्के तीन, चव पुठ्ठ्याची

आमच्याकडे कॉफी म्हणजे आटवलेलं दूध, साखर, जायफळ आणि चमचाभर इन्स्टंट. म्हणून भाच्याच्या नादाने पहिल्यांदा ‘खरी’ कॉफी घ्यायला गेले, तेव्हा मी पाकिटावरचे शिक्के मोजले. ‘इंडिया ऑरगॅनिक’, आणखी एक हिरवं पान, शिवाय रेनफॉरेस्ट अलायन्सचा बेडूक. किंमत शेजारच्या पाकिटाच्या दुप्पट. एवढे शिक्के म्हटल्यावर चव असणारच!

चव भिजलेल्या पुठ्ठ्याची होती. भाच्याने पाकीट उलटसुलट करून बारीक अक्षरातली तारीख शोधली. ‘‘मावशी, भाजून दळून आठ महिने झालेत याला.’’

जानेवारीत चिकमगळूरला एका मळ्यावर राहिलो. तोड जोरात चालली होती. मळेमालकांनी एका सकाळी टेबलावर पाच वाट्या मांडल्या, नावं झाकून. प्रत्येकीत आठ ग्रॅमच्या आसपास जाडसर पूड, वर दीडशे मिली कढत पाणी. चार मिनिटांनी वर आलेला पुडीचा थर चमच्याने मोडायचा, नाक अगदी वाटीत घालून. मग निवल्यावर चमचाभर घेऊन जोरात भुरका मारायचा. बशीतल्या चहाचा भुरका मारला म्हणून लहानपणी मी धपाटे खाल्लेत. पहिला भुरका आवाजच न करता मारला आणि जोराचा ठसका लागला.

तिसऱ्या वाटीत संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी होतं, मागून गुळाची गोडी. मी ठामपणे म्हटलं, ‘‘ही ऑरगॅनिक.’’

ती निघाली शेजारच्या छोट्या मळ्यातली. तिथे पडतं शेणखतच, पण तपासणीची फी आणि नोंदवह्या त्या माणसाला झेपत नाहीत. म्हणून शिक्का नाही. दुसरी आणि पाचवी मात्र शिक्क्याच्या, दोन्ही याच मळ्यातल्या. दुसरी सुरेख होती. पाचवी तुरट, कच्च्या शेंगदाण्यासारखी.

‘‘झाडं तीच?’’

‘‘तीच. पाचवीच्या वेळी मजूर कमी होते, लाल फळांबरोबर हिरवीही ओरबाडली गेली.’’

एकाच झाडाची फळं एकदम पिकत नाहीत, तीन-चार वेळा फिरावं लागतं, हे मला तिथे कळलं. तपासनीस येतो तो खतं, फवारणी आणि वह्या बघायला. पहिला शिक्का मिळण्याआधी तीन वर्षं रसायनं बंद ठेवावी लागतात. पण वाटीतली कॉफी तो चाखत नाही. बेडकाला तर काही कीटकनाशकंही चालतात. त्याचं लक्ष सावलीच्या झाडांवर आणि मजुरांच्या हक्कांवर.

‘‘मग फेअरट्रेड?’’ मी चिकाटी सोडली नव्हती.

ते लहान शेतकऱ्यांच्या संस्थांसाठी, म्हणाले. धुतलेल्या अरेबिकाला ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला किमान १.८० डॉलर आणि वर संस्थेला २० सेंट. त्या पैशातून कुणी सुकवायला चांगलं खळं बांधलं तर चव सुधारतेही. पण ती खळ्यामुळे.

येताना दुसरी आणि तिसरी, दोन्ही घेतल्या. त्या संपल्यावर पुन्हा त्याच दुकानात गेले आणि भाजल्याची तारीख विचारली. दुकानदाराने पाकीट फिरवून खालच्या छापावर बोट ठेवलं. ‘‘ही बघा ताई. अजून दहा महिने बिनघोर चालेल!’’