माणदेशाची वाट आणि वेष्टनातील ग्रंथ

साताऱ्याहून पंढरपूरकडे निघालेला रस्ता पुसेगाव, दहिवडी, गोंदवले ओलांडून म्हसवडला पोहोचतो. माणगंगेच्या काठचे हे गाव सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या देवस्थानामुळे आणि मार्गशीर्षातील रथयात्रेमुळे दूरवर परिचित आहे. प्रदेश पर्जन्यछायेतील, नदीच्या पात्रात वर्षाचा बराच काळ पाण्यापेक्षा वाळूच अधिक. दक्षिणेस थोड्या अंतरावर सातारा जिल्हा संपतो आणि सांगलीचा आटपाडी तालुका सुरू होतो, उत्तरेस फलटण. या पट्ट्यातील बाजारपेठांत जैन व्यापारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या किराणा, कापड आणि आडतीचा व्यवहार करीत आली आहेत. येथे येणारा यात्रेकरू दर्शन घेऊन परततो. परंतु अभिजात साहित्याच्या वाचकालाही हा मुलूख पुष्कळ काही देतो.

मराठी साहित्यात माणदेशाला स्थान मिळाले ते आटपाडी तालुक्यातील सुपुत्रांमुळे. गीतरामायणकार ग. दि. माडगूळकर याच मातीतले. ‘तराळ-अंतराळ’चे लेखक शंकरराव खरात आटपाडीचे. गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची ‘माणदेशी माणसं’ 1949 साली आणि ‘बनगरवाडी’ 1955 साली प्रसिद्ध झाली. धनगरांच्या वाडीवर आलेला एक तरुण शिक्षक, ओस पडलेली शाळा, वृद्ध कारभारी, वाडीने एकदिलाने उभी केलेली तालीम आणि शेवटी सारी वाडी रिकामी करणारा दुष्काळ, एवढाच ‘बनगरवाडी’चा ऐवज. पुस्तक आकाराने लहान आहे. तरीही आज ते हाती घेणारा तरुण वाचक पुष्कळदा दहा-वीस पानांतच थबकतो.

त्याची कारणे उघड आहेत. भाषेत माणदेशी बोली आहे. मेंढरांच्या खांडाची, घोंगड्याची, रामोशाच्या राखणीची दुनिया शहरात वाढलेल्या मुलाला परकी आहे. शिवाय इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुलांना देवनागरीतील सलग परिच्छेद वाचण्याचा सरावच उरलेला नाही. कथानकही धावत नाही. ते मेंढरांच्या चालीने चालते. अशा पुस्तकाला घाई चालत नाही. पहिली वीस पाने घरातील वडीलधाऱ्याने मोठ्याने वाचून दाखविली, अडलेला शब्द तेथल्या तेथे सांगितला, की कानाला बोलीची लय सापडते आणि पुढची वाट सोपी होते. मग म्हसवडच्या माळावर एखादा मेंढपाळ दिसला तर तो केवळ रस्त्याकडेचे दृश्य राहत नाही. त्याच्या पायपिटीमागचा पाण्याचा आणि चाऱ्याचा हिशेब वाचकाला कळू लागतो. अभिजात साहित्याचा हा पहिला आनंद होय.

वाचता येणे म्हणजे काय, याचा एक वेगळा धडा म्हसवडनेच दिला आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने येथील ग्रामीण स्त्रियांनी सहकारी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा संस्थापक सभासद निरक्षर असल्याच्या कारणावरून तो नाकारला गेला. स्त्रिया खचल्या नाहीत. त्या अक्षरे शिकू लागल्या. पुढे रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवितो, असे आत्मविश्वासाने सांगून आल्या. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्यांना शाळेची पायरी चढता आली नाही, त्यांनी दिवसभराच्या कष्टानंतर पाटी हाती घेतली. ज्या घरांत तीन-तीन पिढ्या पदवीधर आहेत, तेथे मात्र कपाटातील ग्रंथ उघडायला कोणाला सवड नाही, ही तुलना अस्वस्थ करणारी आहे.

जैन कुटुंबांच्या बाबतीत तर ही अस्वस्थता अधिकच खोल आहे. म्हसवडहून फलटणला गेलेल्या यात्रेकरूने तेथील ताम्रपत्रांचे आवर्जून दर्शन घ्यावे. आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवलादी सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून जतन करण्यात आले. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांच्या षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका इसवी सनाच्या नवव्या शतकातील. तिच्या ताडपत्रांच्या प्रती शतकानुशतके मूडबिद्रीत होत्या. लिपी जुनी कन्नड, भाषा संस्कृतमिश्रित प्राकृत. त्यामुळे ग्रंथाचे दर्शन घडे, परंतु वाचन दुर्लभ होते. डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला भाग 1939 साली निघाला आणि सोळावा 1958 साली. एक ग्रंथ वाचकाच्या हाती सुखरूप पोहोचावा म्हणून विद्वानांनी जवळजवळ दोन दशके घालविली आणि दानशूर श्रावकांनी थैल्या मोकळ्या केल्या.

तांब्यावर कोरलेले अक्षर वाळवीपासून वाचते. विस्मरणापासून त्याला फक्त वाचक वाचवू शकतो. श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढून त्यांना नवे वेष्टन चढविण्याची प्रथा याच काळजीतून आली. परंतु वेष्टन बदलले आणि पान उलगडलेच नाही, तर ती सेवा अर्धीच राहते.

पूर्वाचार्यांना वाचनाच्या अडचणी ठाऊक होत्या. म्हणूनच तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचा समावेश अंतरंग तपात केला असून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. आधी वाचावे, अडेल ते विचारावे, त्यावर मनन करावे, शुद्ध पाठाची पुनरावृत्ती करावी आणि शेवटी दुसऱ्याला सांगावे. कोणत्याही कठीण ग्रंथासाठी याहून व्यवहार्य पद्धत सापडणे अवघड. यांतील पृच्छनेकडे विशेष लक्ष द्यायला हवे. मुलांनी शंका विचारली की अनेक घरांत ती उद्धटपणा ठरते. शास्त्रकारांनी मात्र तिला तपात स्थान दिले.

व्यापारी घरांना या पद्धतीत नवे काही नाही. रोजकीर्द रोज लिहिली जाते म्हणूनच वर्षअखेरीस ताळेबंद जुळतो. एकदाच बसून सारे उरकू म्हणणाऱ्याचा हिशेब हमखास चुकतो. ग्रंथाचेही तसेच आहे. रात्रीच्या जेवणाऐवजी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांत संध्याकाळ मोकळी मिळते. त्यातील पंधरा मिनिटे आणि दोन पाने पुरेशी आहेत. एके दिवशी पुराणातील कथा, दुसऱ्या दिवशी ‘माणदेशी माणसं’मधील एखादे व्यक्तिचित्र, असा क्रम ठेवला तर आजोबा आणि नातू दोघांचेही मन रमते.

कार्तिक शुद्ध पंचमीला व्यापारी लाभपंचमी म्हणतात आणि त्या मुहूर्तावर दुकाने पुन्हा उघडतात. श्वेतांबर परंपरेत तीच तिथी ज्ञानपंचमी आहे. पूर्वजांनी नफा आणि ज्ञान यांची पूजा एका दिवसावर आणून ठेवली, यात त्यांचा व्यवहारी शहाणपणा दिसतो. त्या दिवशी नव्या वहीचे पहिले पान उघडताना शेजारी एक जुना ग्रंथही उघडावा, आणि पहिले वाक्य घरातील सर्वांत लहान मुलाकडून वाचून घ्यावे. तो अडखळला तरी हरकत नाही. अडखळत वाचलेले अक्षरही जमेच्याच बाजूला लिहिले जाते.