तुमच्या माहेरी कोणी मुलगा लहानपणी गेलाय का?

वारज्यात राहणाऱ्या एका आईच्या मनातून एक रकाना अजून जात नाही. मुलगा न्यूमोनियाने पहिल्यांदा अ‍ॅडमिट झाला, तेव्हाच्या डिस्चार्ज कार्डावर ‘फॅमिली हिस्टरी’समोर लिहिलं होतं : काही विशेष नाही. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. पुढच्या खेपेला रुग्णालय बदललं. तिथे जुनं कार्ड समोर ठेवून माहिती उतरवून घेतली गेली आणि तो रकानाही जसाच्या तसा उतरला.

बाकीची गोष्ट पुण्यातल्या कुठल्याही घरात घडते तशीच. सहा महिन्यांपर्यंत बाळ गुटगुटीत होतं. मग कान वाहायला लागला, छाती भरायला लागली, अँटिबायोटिकची एक बाटली संपते न संपते तोच दुसरी सुरू. कोणी म्हणालं दात येताहेत, कोणी म्हणालं पाळणाघरात घातलं की असं होतंच, कोणी नवले पुलाच्या बाजूला चाललेल्या बांधकामांच्या धुळीवर खापर फोडलं. शेवटी सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत : पोराची प्रतिकारशक्ती कमी आहे. त्यावर टॉनिकं झाली, दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाचे थेंब झाले.

ती प्रतिकारशक्ती मोजता येते, हे मात्र कोणी सांगितलं नाही. आयजीजी, आयजीए आणि आयजीएम ही रक्तातली प्रतिपिंडं मोजायला थोडंसं रक्त पुरतं, आणि पुण्यातल्या मोठ्या लॅबमध्ये ही तपासणी होते. सहा महिन्यांपर्यंत बाळ ठीक का होतं, याचंही कारण त्यातच आहे. गर्भात असताना आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर पुरतात. ती संपली की बाळाला स्वतःची तयार करावी लागतात. ज्याला ती करताच येत नाहीत, त्याचं दुखणं तिथून सुरू होतं.

दीड वर्षाचा असताना त्याला कोथरूडच्या एका ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी पोराला आईच्या मांडीवर घट्ट धरायला लावलं, जीभ दाबली, बॅटरीचा झोत घशात टाकला. मग पुन्हा एकदा पाहिलं. इतक्या वेळा घसा-कान धरलेल्या मुलाचे टॉन्सिल सुजून मोठे झालेले असायला हवेत. इथे ते दिसतच नव्हते. बॅटरी खाली ठेवून बाईंनी विचारलं, “तुमच्या माहेरी कोणी मुलगा लहानपणी गेलाय का?”

गेले होते. दोघे. एक तिच्या जन्माआधी. दुसरा चार वर्षांचा होऊन, ती सात वर्षांची असताना. भोरकडच्या गावाहून त्याला ससूनला आणलं होतं, छातीत कफ झाला म्हणून. तो परत आला नाही. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे. तिच्या आईने एकदाच, कुणाला तरी सांगताना, नजर लागली म्हटलेलं तिने ऐकलं होतं. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला आपल्याला दोन मेहुणे होते हे लग्नानंतर सहा वर्षांनी, डॉक्टरांच्या केबिनमध्ये कळलं.

बाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं. प्रतिपिंडं तयार न होण्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. बाईकडे दोन एक्स असतात, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा काम भागवतो आणि तिला काही होत नाही. मुलाकडे एकच असतो. म्हणून आजार आजीकडून आईकडे गुपचूप येतो आणि दिसतो तो मामात आणि भाच्यात. वाहक बाईच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मीच.

वैद्यकात ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकी लष्करातले बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये आठ वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. चार वर्षांत त्याला १९ वेळा गंभीर जंतुसंसर्ग झाला होता. ब्रूटन यांनी त्याच्या रक्तातली प्रथिनं तपासली, तेव्हा प्रतिपिंडं असलेला गॅमा ग्लोब्युलिन हा घटक त्यात नव्हताच. तोच बाहेरून टोचायला लागल्यावर मुलगा सावरला. दोषी जनुक सापडलं १९९३ मध्ये, आणि त्याला ब्रूटन यांचंच नाव मिळालं. अशाच प्रकारच्या आजाराने पंधरा वर्षांचा मुलगा गमावलेल्या मोडेल दांपत्याने न्यूयॉर्कमध्ये संस्था काढली. अशा आजारांच्या धोक्याच्या दहा खुणांची तिची यादी जगभर दवाखान्यांत लावलेली असते. घराण्यात कोणाला असा आजार होता का, ही त्यातली एक खूण.

ही खूण तपासायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. एक प्रश्न लागतो, आणि तो नीट विचारावा लागतो. “घरात काही आनुवंशिक आजार?” असं विचारलं तर दहातल्या नऊ आया नाही म्हणतील. न्यूमोनियाने गेलेला भाऊ म्हणजे आनुवंशिक आजार, असं कोणाच्या डोक्यात येणार? मुलाच्या आईलाही हे पटतं. रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात तो रकाना भरणाऱ्या पोरगेल्या डॉक्टरवर तिचा राग काही दिवस उतरतो. मग फाईल हातात येते, ते अक्षर दिसतं आणि पुन्हा चढतो. न विचारता ‘नाही’ लिहिण्यापेक्षा रकाना कोरा ठेवला असता तर पुढच्याने तरी विचारलं असतं, हे तिचं म्हणणं खोडून काढता येत नाही.

प्रतिपिंडांचा रिपोर्ट अगदीच खाली आला. पक्क्या निदानासाठी बाईंनी परळच्या केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीचं नाव लिहून दिलं. डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे या आजारांच्या निदानावर बरीच वर्षं काम केलं आहे. नातेवाइकांना वाटलं, पुण्यातल्या रास्ता पेठेतलं केईएम; जायचं होतं मुंबईला. गर्दी टाळायची म्हणून गाडीऐवजी शिवनेरीने दादर, तिथून टॅक्सी, मग तेराव्या मजल्यावर जाणाऱ्या लिफ्टची रांग. फ्लो सायटोमेट्री या रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीत प्रतिपिंडं तयार करणाऱ्या बी पेशी जवळपास सापडल्याच नाहीत.

आता दर तीन-चार आठवड्यांनी त्याला इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेली ही प्रतिपिंडं शरीरात तीन आठवड्यांत निम्मी होतात, म्हणून ती पुन्हा पुन्हा आणि जन्मभर द्यावी लागतात. डोस वजनावर ठरतो. इतर आयांना पोराचं वजन वाढलं की आनंद होतो. हिलाही होतो, आणि लगेच वाढीव खर्चाचा हिशोब सुरू होतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आणलं. पुढच्या वर्षी ठरावीक केंद्रांमधल्या रुग्णांसाठी मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत नेली, आणि मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र आहे. रक्कम मोठी आहे. पण आयुष्यभराच्या औषधाला एकदाच आखलेली मर्यादा कशी पुरेल?

पोलिओ रविवारची अडचण तर कोणाच्या ध्यानातही आली नव्हती. तोंडाने द्यायच्या लशीत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. निरोगी मुलाला तो संरक्षण देतो, पण ज्याच्याकडे प्रतिपिंडंच नाहीत त्याच्या आतड्यात तो दीर्घकाळ राहू शकतो. म्हणून या मुलाला थेंब द्यायचे नाहीत. दारात आलेल्या ताईंना वाटलं, शिकलेली माणसं लशीला नाही म्हणताहेत. त्या रागावल्या, बोटाला शाई लावल्याशिवाय हलायला तयार होईनात. आईने डॉक्टरांचं पत्र दाखवलं. ताईंनी ते पूर्ण वाचलं, वहीत लिहून घेतलं आणि दारावर खडूने खूण केली. त्यांचा हट्ट तिला मनापासून आवडला. मुलाला स्वतःला लशीचा फारसा फायदा नाही, तेव्हा आजूबाजूच्या प्रत्येक पोराचं लसीकरण पूर्ण असणं हीच त्याची ढाल.

तिला एक धाकटी बहीण आहे. मुलाच्या जनुकातला नेमका दोष सापडला असल्याने मावशी वाहक आहे का, हे कळणं आता सोपं आहे. पण तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे, आणि आजीचं म्हणणं, आत्ता कशाला कागद करता. आई आधी भांडली. वाहक निघाली तर तिच्या मुलग्याची तपासणी जन्मल्याबरोबर होईल, पहिल्या न्यूमोनियाची वाट पाहावी लागणार नाही, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. नंतर स्वतःच गप्प बसली, कारण रिपोर्ट हातात आल्यावर मुलाकडच्यांना तो दाखवायचा की नाही, यावर तिचंच मत ठरत नाही. मावशी म्हणते, लग्नानंतर बघू. लग्न मार्गशीर्षात करायचं घाटतंय.